काकांचा डावा गुडघा

ठाण्यातल्या आमच्या पाचपाखाडीच्या घरात जेवणाच्या टेबलावर गेला दीड महिना दोन ट्रॅक्टरांची माहितीपत्रके पसरलेली होती, आणि ती बाजूला सारल्याशिवाय कोणाच्याही ताटात पोळी पडत नव्हती. एक लाल, महिंद्राचा ५७५ डीआय; दुसरा निळा, स्वराजचा ७४४ एफई. सातव्या मजल्यावर राहून, खिडकीतून तीन हात नाक्याची वाहतूक पाहत मी ट्रॅक्टर निवडत होतो, हे सौ.ला विनोदी वाटत असे. मला मात्र तेव्हा त्यात विनोद दिसत नव्हता.

आमची शेती मुरबाड तालुक्यात आहे, साडेचार एकर, म्हणजे १८० गुंठे, आणि तीही सलग नव्हे, तर लहान लहान खाचरांत वाटलेली. कसतात ते काका. बैलजोडी गेल्यापासून भाड्याच्या ट्रॅक्टरवर भागत होते; पण पावसाने जोर धरला की सगळ्या गावाला तो एकाच दिवशी हवा असतो, आणि इकडे दाढीतले, म्हणजे रोपवाटिकेतले भाताचे रोप एकवीस-पंचवीस दिवसांचे झाले की ते कोणासाठी थांबत नाही. एवढ्याशा शेताला पंचेचाळीस अश्वशक्तीचे धूड कशाला, पंचवीसचा छोटा घ्या, असे अनेकांनी सुचवले, आणि निव्वळ भातापुरते ते खरेही होते. परंतु मळणी यंत्र, विटांची ट्रॉली आणि शेजाऱ्यांची भाड्याची कामे यांचा हिशेब मांडून काकांनी मोठ्याचा आग्रह धरला, आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

उरला प्रश्न दोघांतल्या निवडीचा. तिथे मी माझ्या कारकुनी स्वभावाप्रमाणे वहीत रकाने आखले. लाल ट्रॅक्टरला चार सिलिंडर, निळ्याला तीनच. पण निळ्याचे तीन सिलिंडर चांगले धष्टपुष्ट, त्यामुळे इंजिनाच्या कमी फेऱ्यांतही तो नेटाने ओढेल असा माझा तर्क होता. इंजिनाची अश्वशक्ती वेगळी आणि रोटाव्हेटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारे फिरत्या पात्यांचे अवजार, फिरवणाऱ्या मागच्या दांड्यापर्यंत, म्हणजे पीटीओपर्यंत, पोहोचणारी वेगळी, आणि आपल्या कामाला दुसरीच येते, हेही मी याच काळात शिकलो. चिखलपाण्यात सुके ब्रेक भिजून पकड सोडतात, म्हणून ट्रॅक्टर कोणताही घेतला तरी तेलात बुडालेल्या ब्रेकांचाच प्रकार घ्यायचा, यावर माझे आणि काकांचे फोनवर एकमत झाले. एवढे सगळे झाल्यावर कळले, की २००७ साली पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी महिंद्राने घेतली आणि तेव्हापासून स्वराजही त्याच घरातला आहे. म्हणजे दीड महिना मी दोन सख्ख्या भावांची पत्रिका जुळवत बसलो होतो. माझा कौल तरीही निळ्यालाच होता.

वहीत एक रकाना मात्र मी आखलाच नव्हता. चिखलणीचे, म्हणजे लावणीआधी पाण्यात माती घोटून चिखल करण्याचे काम सरळ रेषेत कमी आणि वळणांतच जास्त असते. पाच गुंठ्यांचे, पंचवीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असे एक खाचर धरा. पाच फुटी रोटाव्हेटरचे त्यात साधारण तेरा पट्टे पडतात आणि जवळजवळ तितकीच वळणे. अशी छत्तीस खाचरे, आणि चिखलणी दोनदा. नऊशेच्या आसपास वळणे झाली. दर वळणाला क्लच एकदाच दाबायचा धरला, तरी काकांच्या डाव्या पायाला चार दिवसांत नऊशे बैठका काढाव्या लागणार. शिवाय चिखलात केज व्हील, म्हणजे चिखलासाठी लावलेले लोखंडी पिंजऱ्यासारखे चाक, रुतलेले असताना क्लच झटक्याने सुटला, तर पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. तिथे पाय हळूच, इंचाइंचाने सोडावा लागतो. काका बासष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांचा डावा गुडघा गेली तीन वर्षे जिना उतरताना कुरकुरतो. फोनवर इतक्या गप्पा झाल्या, पण या गुडघ्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही तो सुचला नाही.

आजोबा बैल घ्यायला पौष पौर्णिमेच्या म्हसाच्या यात्रेला जात. दात सगळेच पाहतात, दोन दाती की चार दाती की जुळलेला. आजोबा तेही पाहत, पण पैशांना हात घालण्यापूर्वी मालकाला बैल चालवत न्यायला सांगत आणि स्वतः मागे उभे राहून त्याचे मागचे पाय कसे पडतात ते निरखत. समोरून सगळेच बैल देखणे दिसतात, असे त्यांचे म्हणणे होते.

गेल्या रविवारी मी आणि काका कल्याणला गेलो. दोन्ही ट्रॅक्टर पाहायचे होते. मी वही घेऊन गेलो होतो, काका रिकाम्या हातांनी आले होते. निळ्यावर ते बसले, उतरले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दुकानात लालवर बसले, आसन एक खाच पुढे सरकवून घेतले आणि बंद इंजिनावरच क्लच दाबू लागले. एकदा, दोनदा, दहादा. विक्रेता हप्ते सांगत होता, मी ब्रेकांचे विचारत होतो, आणि काका आमच्याकडे लक्ष न देता पाय खाली नेत होते, हळूच वर आणत होते. मी चाळीसपर्यंत मोजले. निळ्यात खोट काहीच नव्हती. तो काकांच्या मापाचा नव्हता इतकेच, आणि काकांचे माप कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. माझ्या तीन धष्टपुष्ट सिलिंडरांबद्दल मी पुन्हा तोंड उघडले नाही.

मडगार्डला धरून, आधी उजवा पाय टेकवत, काका सावकाश खाली उतरले. आता विसाराची रक्कम काढायची म्हणून मी खिशात हात घातला, तर त्यांनी मला हातानेच थांबवले आणि विक्रेत्याच्या पोराला म्हणाले, "बाळा, हा जरा त्या गेटापर्यंत चालवत ने बघू. मी इथून मागून बघतो."