आमच्या डीपीवरच्या अकरा मोटरी

रात्रीचे साडेअकरा झालेत आणि मी घरी आहे, रूमवर नाही. शनिवारी लेक्चर संपलं की यवतमाळहून दारव्ह्यापर्यंत एसटी आणि तिथून पुढे जे मिळेल ते, असं करत मी जवळजवळ दर आठवड्याला गावाकडे येते, २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं म्हणून हे परवडतं तरी, नाहीतर पहिल्या वर्षी मी दिवाळी-पोळ्यालाच यायची. या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रपाळी आहे, म्हणजे वावरातल्या मोटरींची लाइन रात्रीच येते. बाबा गव्हाला पाणी द्यायला वावरात गेलेत, आई झोपली आहे, आणि लाइन यायची वाट बघता बघता म्हटलं आज लिहूनच टाकू, कारण गेल्या सहा महिन्यांत मी काही लिहिलेलंच नाही.

फायनल इयर, इलेक्ट्रिकल, आठवं सेम. भेटेल तो एकच विचारतो, प्लेसमेंट झालं का. माझं झालंय, पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं, जॉइनिंगची तारीख अजून आलेली नाही. आमच्या रूमवर चौघी आहोत, सकाळी सहाला एकीचा अलार्म वाजतो गेटच्या अभ्यासाचा, दुसरी महावितरणच्या भरतीची तयारी करते, तिसरी अॅप्टिट्यूडची गणितं भिंतीवर लिहून ठेवते. पण आज मला लिहायचंय ते माझ्या प्रोजेक्टबद्दल, वावरातल्या मोटरी जळू नयेत म्हणून बनवलेल्या एका बॉक्सबद्दल, कारण चार वर्षांत मी जे काही शिकले ते मला या एका गोष्टीत खरंखुरं समजलं असं वाटतं.

सुरुवात झाली डिसेंबर २०२४ मध्ये. मी तिसऱ्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आलेली. हरभऱ्याला पाणी चालू होतं, रात्रपाळीच होती. दीडच्या सुमारास बाबांचा फोन आला, "लाइन आली वं, मोटर आवाज करून राहिली पण पाणी नाही उचलून राहिली." मी टॉर्च घेऊन आमच्या आत्याच्या पोरासोबत धावत गेले. विहिरीच्या टप्प्यावर आमची पाच एचपीची मोनोब्लॉक बसवलेली आहे, जवळ गेलो तोवर हुंकार थांबला होता आणि विहिरीतून तो वास येत होता, जळालेल्या वॉर्निशचा. ज्याच्या घरी मोटर आहे त्याला तो वास वेगळा सांगावा लागत नाही. बाबा धुऱ्यावर बसून होते, काहीच बोलले नाहीत, नुसते दांडाकडे बघत होते. हरभरा फुलावर आला होता आणि पाण्याची पाळी हातची गेली होती.

दुसऱ्या दिवशी मोटर घेऊन दारव्ह्याला वायंडिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी कव्हर खोललं आणि मला जवळ बोलावलं. "हे पाय पोरी, ह्या दोन फेजच्या कॉइल कोळसा झाल्या, अन् हे तिसरी जशीच्या तशी. एक फेज गेली होती तुमची." मी बघतच राहिले. मोटरीला तीन तारांतून, म्हणजे तीन फेजमधून, वीज येते. आमची मोटर स्टारमध्ये बांधलेली, म्हणजे तिन्ही कॉइलची एकेक टोकं मध्ये एकत्र जोडलेली, एक फेज तुटली की उरलेल्या दोन फेजच्या कॉइल एका रांगेत येतात आणि सगळा भार त्या दोघींवर, तिसरीतून करंटच जात नाही म्हणून ती नव्यासारखी राहते. हे मी मशीन्सच्या पेपरात आकृती काढून लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते, चालत्या मोटरीची एक फेज गेली तर उरलेल्या दोनमध्ये करंट साधारण १.७३ पट होतो वगैरे, आणि चालू करतानाच फेज नसेल तर मोटर फिरतच नाही, नुसती हुंकारते आणि पाच-सहा पट करंट ओढत राहते. पण त्या काळ्या कॉइलवर बोट फिरवलं तेव्हा माझ्या बोटाला काजळी लागली आणि मला वाटलं की मी आत्ता हे शिकतेय. टेस्लाने इंडक्शन मोटरचं पेटंट १८८८ मध्ये घेतलं, तेव्हापासून हे यंत्र जगभर तसंच फिरतंय आणि एका फेजसाठी तसंच जळतंय. काकांनी २४ खाचांमधली जुनी तार काढली, एकेका कॉइलचे वेढे मोजून वहीत लिहिले, मी दोन दिवस तिथेच बसून होते. साडेचार हजार लागले. वीजबिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना माफ आहे, त्याचा आम्हाला खूप आधार आहे, पण बांधणीचा खर्च आपलाच असतो. त्याच वर्षी आम्हा मुलींची फी माफ झाली होती म्हणून बाबांना त्यासाठी कोणाकडे हात पसरावा लागला नाही.

आता फेज गेली का, तर डीपीवरचा, म्हणजे मोटरींना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज उडाला म्हणून. आणि फ्यूज उडाला का, हे कळायला मला पुढचे चार महिने लागले.

आमची डीपी ६३ केव्हीएची आहे. कागदावर तिच्यावर अकरा मोटरी, सगळ्या पाच एचपीच्या. एक मोटर चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, अकरा मोटरींचे झाले ८२-८३, आणि डीपीची ताकद ८४ अँपिअर. म्हणजे सगळ्या चालू असल्या की ती काठोकाठ भरलेली असते. पण सगळ्या स्टार्टरला ऑटो लावलेले आहेत. लाइन आली की ऑटो आपोआप मोटर चालू करतो, आणि लाइन सगळ्यांना एकाच क्षणी येते. चालू होताना मोटर सहापट करंट ओढते. अकरा मोटरींचा तो एकत्र हिसका पाचशे अँपिअरच्या घरात जातो, व्होल्टेज एकदम पडतं, व्होल्टेज पडल्यामुळे मोटरी लवकर वेग घेत नाहीत, म्हणून हिसका आणखी लांबतो, आणि तीन फ्यूजपैकी जो कमजोर असेल तो जातो. मग उरलेल्या दोन फेजवर अकरा मोटरी हुंकारत बसतात. करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेने वाचवायला पाहिजे, पण रिले सारखी ट्रिप होते म्हणून बऱ्याच जणांनी ती शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलेली असते. आमचीही तशीच होती.

महावितरणवाले नेहमी सांगतात ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा. बरोबरच सांगतात, कॅपॅसिटरने करंट कमी होतो हे मीही घरोघरी सांगते. पण ऑटो काढा हे सांगताना माझी जीभ अडखळते. जानेवारीच्या थंडीत रात्रीच्या एक वाजता लाइन आली की वावरात जाऊन हिरवं बटन दाबायचं, अर्ध्या तासाने परत गेली, परत आली, परत जायचं. आमच्याकडे रोही आहेत, रानडुकरं आहेत, पराटीच्या ओळीतून चालताना पायाखाली काय आहे ते दिसत नाही. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या काकांच्या अंगावर डुक्कर आलं होतं, मांडीला बारा टाके पडले. माणसाने ऑटो हौसेने लावलेला नाही. म्हणून मला असं काहीतरी करायचं होतं की ऑटो राहील आणि डीपीही राहील.

उपाय तसा साधा आहे. सगळ्यांनी एकदम उठायचं नाही, एकामागून एक उठायचं. प्रत्येक ऑटोच्या पुढे एक छोटा बॉक्स, लाइन आली की त्याने आपल्या नंबराप्रमाणे थांबायचं, वीस सेकंद, चाळीस, साठ, असं करत अकरावा दोनशे वीस सेकंदांनी. पावणेचार मिनिटांच्या आत सगळी डीपी चालू. आणि तीनही फेज नसतील तर मोटर चालूच करायची नाही, चालत असताना गेली तर बंद करायची.

सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा मांडायच्या, वेळी मला विचारलं गेलं, यात नवीन काय आहे, टायमर तर बाजारात मिळतो, आयओटी टाक, अॅप बनव, एआय टाकता आलं तर बघ. वर्गातले निम्मे ग्रुप तयार प्रोजेक्ट विकत आणतात, ब्लॅक बुकसकट, म्हणजे छापील रिपोर्टसकट, आणि त्यात हे सगळं असतं. मला त्यांचा राग नाही, प्रत्येकाच्या घरची घाई वेगळी असते, पण चार वर्षं शिकून शेवटची वस्तू दुसऱ्याच्या हातची असावी हे मला मनापासून वाईट वाटतं. मी सांगितलं की सर, आमच्या वावरात मोबाइलला रेंज नाही, आणि मला नवीन वस्तू बनवायची नाहीये, मला अकरा माणसांच्या मोटरी जळू द्यायच्या नाहीत. बराच वेळ शांतता होती, मग सही मिळाली.

पहिला बॉक्स ऑक्टोबरमध्ये तयार झाला. अर्डुइनो नॅनो म्हणजे प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड, मोटर चालू-बंद करायला एक रिले, तीन फेजचे तीन हिरवे दिवे. लॅबमध्ये मस्त चालला. विहिरीवर लावला, मोटर चालू केली आणि बाबांना सांगितलं एक फ्यूज काढा. त्यांनी काढला. मोटरीचा आवाज जड झाला, घरघर सुरू झाली, आणि माझ्या बॉक्सवर तीनही दिवे हिरवेच. मी घाबरून लाल बटन दाबलं. रात्रभर झोप नाही. मग कळलं की फिरती मोटर स्वतःच त्या तुटलेल्या फेजच्या टोकावर व्होल्टेज तयार करते, जवळजवळ पूर्ण, त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघणारा बॉक्स फसतो. करंट बघावा लागतो. लॅबमध्ये मी मोटर न लावता तपासलं होतं, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसलं. आमच्या लॅब असिस्टंट काकांनी मग जुन्या मीटरमधले छोटे सीटी, म्हणजे करंट मोजायच्या कड्या, काढून दिले, ते दोन फेजवर घातले, प्रोग्राम परत लिहिला, आणि दिवाळीनंतर परत फ्यूज काढला तेव्हा दोन सेकंदात मोटर बंद झाली. बाबांनी लगेच परत फ्यूज लावून परत काढला. चार वेळा. चारही वेळा बंद झाली. "जमलं वं," एवढंच म्हणाले.

खरं अवघड काम पुढेच होतं. मारुतीच्या पारावर अकरा जणांना बसवलं आणि पहिला प्रश्न आला, पहिला नंबर कोणाचा? मी सेकंद मोजत होते आणि ते पाणी मोजत होते. लाइन तीनच मिनिटं येऊन गेली तर शेवटच्याने काय करायचं, असं एका आजोबांनी विचारलं, आणि तो प्रश्न अगदी बरोबर होता, मी त्याचा विचार केला नव्हता. कोणी म्हणे वावर डीपीजवळ त्याचा पहिला, कोणी म्हणे ज्याचं क्षेत्र जास्त त्याचा. अर्धा तास गेला. बाबा मागे बसले होते, ते म्हणाले, "शेवटचा नंबर आमचा लिव. बाकीचे तुम्ही वाटून घ्या." त्यानंतर फार वाद झाला नाही. अकरापैकी सात जण तयार झाले, एका बॉक्सला साडेआठशे खर्च आला, तीन जणांनी लगेच दिले, चौघे हरभरा विकल्यावर देतील.

जानेवारीपासून सात बॉक्स चालू आहेत. वायरमनभाऊंना बोलावून त्यांच्या हाताने डीपीच्या एका फेजवर टाँग टेस्टर, म्हणजे तारेला चिमट्यासारखा लावायचा करंटचा मीटर, लावून बघितलं. आधी ऑटोवर सगळ्या एकदम उठवल्या तर चारशे अँपिअरचा मीटर रेंजच्या बाहेर गेला होता. आता बिनबॉक्सच्या चार मोटरी एकदम उठतात तेव्हा एकशे नव्वदपर्यंत जातो, आणि मग आमच्या सात एकेक करून चढतात, शेवटच्या मोटरीला एकशे वीसच्या आसपास, दोन-तीन सेकंद, आणि खाली येतो. गेल्या पाच आठवड्यांत फ्यूज एकदाच उडाला आणि त्या रात्री सातही मोटरी थांबून राहिल्या. मी ते रीडिंग वहीत लिहिलं तेव्हा हात थरथरत होता.

पुण्याला जाणार का, आई परवा पोळ्या करता करता विचारत होती. "जाशील तं जाय, पण त्या डब्ब्यायचं काय होईन?" मला उत्तर आलं नाही. मला पुण्याची भीती नाही, पगारही लागतो घराला. पण आमच्या गावात आठ डीपी आहेत आणि मी एकच बघितली आहे. दारव्ह्याच्या वायंडिंगवाल्या काकांनी शिकवायची तयारी दाखवली आहे, आमच्या आत्याचा पोरगा आयटीआयला आहे, त्याला मी सध्या सोल्डरिंग शिकवतेय, त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. जायच्या आधी त्याला बॉक्स पूर्ण बनवता आला पाहिजे, प्रोग्राम टाकण्यापासून ते बिघाड शोधण्यापर्यंत, एवढं मी ठरवलंय. ब्लॅक बुक एप्रिलमध्ये द्यायचंय, त्यात पारावरची बैठक कशी लिहायची ते कळत नाहीये, पण लिहिणार आहे.

आत्ता बारा वाजून सहा मिनिटांनी लाइन आली. मागच्या दारातून आवाज ऐकू येतो, पहिल्यांदा त्या चार एकदम, मग थांबून एक, मग एक. बाबांचा फोन आला, मला वाटलं काही बिघडलं. तर म्हणाले, त्या बिनबॉक्सच्या चौघांपैकी ते पारावरचे आजोबा धुऱ्यावर आलेत, विचारून राहिले की आठवा नंबर रिकामा आहे का. आहे म्हणून सांगितलं. रिले शिल्लक नाही, सोमवारी यवतमाळहून आणावी लागेल, आणि त्यांच्या स्टार्टरची कॉइल जुनी आहे ती आधी बघायची.