पुढच्या भागात काय होणार

‘तुमचा छंद कोणता?’ हा प्रश्न शाळेतल्या निबंधानंतर मला कुणी विचारलेला नाही. लग्न ठरतानासुद्धा सासूबाईंनी पुरणपोळ्या येतात का एवढंच विचारलं होतं. त्यामुळे समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या कोइम्बतूरच्या मुलीने रविवारी सकाळी वही उघडून, पेन सरसावून मला तो विचारला तेव्हा मी गडबडलेच. खरं उत्तर ‘संध्याकाळी गॅलरीत उभं राहून घोडबंदर रोड किती तुंबलाय ते बघणं’ असं होतं. मी ‘वाचन’ म्हणाले. तिने ‘वाचन’ लिहून घेतलं.

‘आणि तुझा?’

‘माझा छंद पोहणे आहे.’

मग दोघी गप्प. तिच्या ‘मराठी शिका’ छापाच्या पुस्तकातला संवाद तिथे संपत होता, आणि आमचाही संपला.

तिचं मराठी खरं तर त्या पुस्तकाच्या आधीच सुरू झालं होतं, ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून सुटणाऱ्या लोकलमध्ये. तिचं ऑफिस ऐरोलीला. ‘पुढील स्टेशन, दिघा गाव’, मग तेच हिंदीत, मग तेच इंग्रजीत. रोज जाता-येता भाषांतरासकट फुकट धडा. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४मध्ये सुरू झालं, म्हणजे ऐरोलीपर्यंत आधी एकच वाक्य मिळायचं त्याची दोन झाली, हा तिचा हिशोब. त्या शिदोरीवर ती एकदा भाजीवाल्याकडे गेली आणि म्हणाली, ‘पुढील टोमॅटो द्या. मागील नको.’

मला विचाराल तर ठाण्यातल्या कुठल्याही भाजीवाल्याला इतकं नेमकं वाक्य आजवर कुणी ऐकवलं नसेल. पुढे चकचकीत रचायचे आणि मागून मऊ पडलेले भरायचे, हे आपण सगळे जाणतो आणि गप्प बसतो. भाजीवाला जुन्नरकडचा, अस्सल मराठी. तो हसला आणि म्हणाला, ‘मॅडम, सब एकही माल है.’

सगळी मेख इथेच आहे. समोरचा माणूस मराठीत जरा अडखळला की आपण ताबडतोब हिंदीत शिरतो. मदत म्हणूनच शिरतो, दुष्टपणा नसतो त्यात. पण पाण्यात उतरलेल्याला दर वेळी दंडाला धरून बाहेर काढलं तर तो पोहणार कधी? बरं, मीही त्यातलीच. तिच्या घरी पहिल्यांदा विरजण मागायला गेले तेव्हा ‘थोडा दही मिलेगा क्या’ असंच म्हणाले होते. ती अजून त्याची आठवण काढते.

पुस्तक मिटलं आणि आम्ही नुसत्या चहावर बसायला लागलो, तेव्हा गाडी हलली. ‘मला चहा आवडतो’ हे वाक्य तिला शिकवावंच लागलं नाही. तमिळमध्येही ‘एनक्कु पिडिक्कुम’, म्हणजे मला आवडतं. आवडीच्या बाबतीत ‘मी’ तिथेही बाजूला सरकतो. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यातला फरक, ज्यात आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे हिंदीभाषक भाऊ वीस वर्षं गटांगळ्या खातायत, तो तिने एका मिनिटात उचलला, कारण त्यांच्याकडे ‘नाम’ आणि ‘नांगळ’ अशी तीच जोडी आहे. ‘जेवलीस का?’ या प्रश्नाला जेवणाचं सविस्तर उत्तर द्यायचं नसतं हेही तिला ठाऊक होतं. तिची आई फोन उचलल्या उचलल्या ‘साप्टाच्चा?’ म्हणते. आणि निघताना आपण ‘येते’ म्हणतो, तसं ते ‘पोयिट्टु वरेन’ म्हणतात, जाऊन येते. नुसतं ‘जाते’ म्हणायचं नाही. मी हे सगळं ऐकताना वहीत लिहून घेत होते. शिकवणी कोण कुणाची घेतंय, असं ह्यांनी आतून विचारलंसुद्धा.

अडलं ते लिंगापाशी. ‘काकू, चपाती बाई का?’ तमिळमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकच, तिथे भांडणच नाही. आपल्याकडे चपाती ती, भात तो, वरण ते. एका ताटात तिन्ही वाढून ठेवलेली. जुन्या शब्दांचं एक वेळ ठीक, पण मोबाइल तो, रील ती आणि ॲप ते, हे कुणी ठरवलं? मला सांगता येईना. सेल्फीवरून तर आमच्या घरातच दोन तट पडले. मुलगा ‘तो सेल्फी’ म्हणतो, मी ‘ती’ म्हणते. ती मुलगी समंजसपणे म्हणाली, ‘मी फोटो म्हणणार.’

हे ‘णार’ तिने कुठून उचललं, ते सांगायलाच हवं.

एकदा रात्री साडेआठला ती माझा डबा परत करायला आली (रिकामा नाही, आत लिंबूभात होता). माझी मालिका चालू होती. ती दारातच उभी राहिली, मग सोफ्याच्या कडेवर टेकली, मग म्हणाली, ‘काकू, हे मला माहीत आहे.’ आपल्या कितीतरी मालिका दक्षिणेकडच्या मालिकांवरून घेतलेल्या असतात. ही तिच्या आईने कोइम्बतूरला अख्खी बघून संपवलेली निघाली.

‘पुढे काय होणार?’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘ती पत्र लपवणार. हा तिच्यावर रागवणार. मग हिची मेमरी जाणार.’

‘अगं बाई! कधी?’

‘पोंगलला.’

म्हणजे संक्रांतीला. मी हिशोब करत बसले. पुस्तकात भविष्यकाळ नवव्या पाठात होता: ‘उद्या मी सहलीला जाईन, तू सहलीला जाशील.’ ते जाईन-जाशील तिने कधी पाठ केलं नाही. ‘णार’ला ती कटकट नाही. मी जाणार, तू जाणार, सून जाणार, सासू जाणार, रूप एकच. त्या एका ‘णार’वर तिने मला पुढच्या सहा महिन्यांची कथा सांगितली, आणि छंदावर दोन वाक्यांत दम तोडलेला आमचा संवाद पाऊण तास चालला. ‘तिला म्हणावं, शेवट तेवढा सांगू नकोस,’ अशी ह्यांची आतल्या खोलीतून विनवणी आली. मालिका बघत नाही म्हणणारे ते हेच.

तिची शब्दसंपत्तीही त्यानंतर वेगळीच झाली. ‘टेबल’, ‘खुर्ची’, ‘खिडकी’ कच्चे, पण ‘वारसदार’, ‘मंगळसूत्र’, ‘विश्वासघात’ पक्के. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती उठून शांतपणे म्हणाली, ‘लिफ्ट दर शनिवारी बंद, हे कारस्थान आहे.’ सभेत क्षणभर मालिकेतल्यासारखी शांतता पसरली. लिफ्ट सोमवारी दुरुस्त झाली.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्या दिवशी, ३ ऑक्टोबर २०२४ला, मी पेढे घेऊन तिच्याकडे गेले. तिने पेढा तोंडात टाकला, अभिनंदन केलं आणि हळूच म्हणाली, ‘आमचं २००४लाच झालं, काकू.’ असा टोमणा मराठीत मारता येणं म्हणजे शिकवणी संपल्यात जमा. उच्चार तेवढे राहिलेत. ‘चांगला चहा’ यातले दोन ‘च’ वेगळे आहेत, हे तिला कानाने कळतं, जिभेला अजून पटत नाही.

गेल्या रविवारी आम्ही दोघी मामलेदारची मिसळ खायला गेलो. ‘तिखट चालेल?’ विचारल्यावर ती ‘पळेल’ म्हणाली. हा विनोद तिचा स्वतःचा, मी शिकवलेला नाही. नाकडोळे पुसत तलावपाळीला एक चक्कर मारली, मासुंदा तलावाच्या काठावर पॉपकॉर्न खाल्ले, आणि घरी जायला रिक्षा शोधायला लागलो. एक रिक्षा थांबली. मी सवयीने खाली वाकले.

‘भैया, मानपाडा जाओगे?’

रिक्षावाला काही बोलायच्या आत माझ्या खांद्यामागून आवाज आला, ‘दादा, मानपाड्याला येणार का?’

विभक्ती, सामान्यरूप, ‘णार’, सगळं जागच्या जागी. रिक्षावाल्याचा चेहरा उजळला. ‘बसा की ताई,’ तो तिला म्हणाला आणि मीटर टाकला. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

‘मॅडम, आप थोडा अंदर सरको.’

मी सरकले.