तुम्ही विचारलंत म्हणून: काजूची झाडं अजून का ठेवलीत?

मुलीला काजू चालत नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग दारातली झाडं तोडून का टाकत नाही?" मुंबईहून आलेले विचारतात, बँकेतले विचारतात, परवा सिलिंडर टाकायला आलेल्या मुलानेही विचारलं. एरवी मी हसून वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

एक तोडलं होतं. विहिरीकडचं, आजेसासऱ्यांनी लावलेलं, गावठी. उष्टावणानंतर तिसऱ्या दिवशी नवऱ्याने कोणाला न विचारता त्याला कुऱ्हाड लावली.

उष्टावण मार्चात होतं. आमच्या वेंगुर्ल्याकडे ते ओल्या काजूगरांचे दिवस, रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी उसळ. बाय सात महिन्यांची. सासूबाईंनी तांदळाची खीर केली आणि पोरीला ताकद यावी म्हणून चार-पाच गर पाट्यावर वाटून त्यात घातले. मामाचा मान म्हणून माझ्या भावाने अंगठी बुडवून दोनदा चाटवलं, मग सासूबाईंनी बोटाने. एवढंच. पाहुण्यांची पानं वाढून होतायत तोवर ती कान खाजवायला लागली. हनुवटीखाली गांधी उठली, मग पोटावर, पाठीवर. "पित्त उठला," म्हणत सासूबाईंनी आमसुलं भिजवून अंगाला चोळली. पित्तावर आमच्याकडे हेच करतात, लहानपणी मीही चोळून घेतलंय. काकींनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. तेवढ्यात ती भडाभडा ओकली आणि रडता रडता तिचा आवाज बसला, घोगरा झाला, म्हाताऱ्या माणसासारखा. मग रडणंच थांबलं. मान माझ्या खांद्यावर पडली.

"झोपली, बरं झालं," कोणीतरी म्हणालं.

माझ्या हाताला तिचे तळपाय लागले, ते गार होते. शेजाऱ्यांची रिक्षा काढली. अकरा किलोमीटर. वाटेत काय झालं ते मला खरंच आठवत नाही, रिक्षाच्या आरशाला टांगलेला लिंबू तेवढा आठवतो. सरकारी दवाखान्यात एक कोवळ्या वयाची डॉक्टरीण होती. तिने बायच्या ओठांकडे पाहिलं, "काय खाल्लं?" एवढंच विचारलं आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत मांडीत सुई टोचली. अॅड्रेनलिन, अशी अॅलर्जी उतरवायचं औषध. काही मिनिटांत बाय किंचाळून रडली. ते रडणं ऐकून रांगेतल्या बायका हळहळल्या आणि मी हसत होते. रात्रभर आम्हाला तिथेच ठेवून घेतलं, कारण उतरलेली अॅलर्जी काही तासांनी पुन्हा उसळू शकते.

पुढे मोठ्या डॉक्टरांकडे तपासण्या झाल्या. गावात सगळे म्हणत होते, "चीक लागला असेल." चिकाचं प्रकरण वेगळं. टरफलातलं तेल कोणाचीही कातडी भाजतं, बिया फोडणाऱ्या बायकांचे हात बघा. बायला बाधतं ते गरातलं प्रथिन, आणि ते भाजून मरत नाही. तिला जन्मल्यापासून इसब होतं, गाल आणि कोपर सदा सोललेले. डॉक्टरांचं म्हणणं असं की फुटलेल्या कातडीतून एखादा पदार्थ अंगात शिरला तर शरीर त्याला शत्रू समजायची शक्यता जास्त. आमच्या घरात काजूची पूड कुठे नसते? आम्ही सगळे त्याच हातांनी तिला उचलत होतो. काजूच्या नात्यातला म्हणून पिस्ताही बंद केला. आंबाही त्याच कुळातला, पण तो तिला सोसतो, देवाची कृपा. आंब्यावाचून कोकणात पोर वाढवायचं म्हणजे फारच झालं असतं.

आता झाडाचं. तोडलं मार्चात. गणपतीत आमच्याकडे वीस-बावीस माणसं, निम्मी चाकरमानी. कोणीतरी मुंबईहून काजूकतलीचा खोका आणला. मी तो उघडू न देता माळ्यावर टाकला. दुसरा खोका होता, तो मला माहीत नव्हता. त्यातल्या वड्या ज्या सुरीने सोडवल्या, त्याच सुरीने प्रसादाचं केळं कापलं गेलं.

ते केळं खाऊन बायला पुन्हा तसंच झालं. या वेळी मात्र काय करायचं ते आम्हाला ठाऊक होतं. परदेशात यासाठी पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं, आमच्या तालुक्याच्या मेडिकलात मिळत नाही. आमच्याकडे आहे तो कंपासपेटीचा पत्र्याचा डबा. त्यात अॅड्रेनलिनच्या एक मिलीच्या अॅम्प्यूल म्हणजे काचेच्या कुप्या (एका मिलीत एक मिलीग्रॅम औषध), बारीक सिरिंज, कापूस आणि वजनाप्रमाणे डोस लिहिलेला कागद. किलोला ०.०१ मिलीग्रॅम; बाय तेव्हा ९ किलोची, म्हणजे सिरिंजवर ०.०९ मिली. ऊन आणि उजेड लागू नये म्हणून डबा माठामागच्या कोनाड्यात असतो. डॉक्टरांनी शिकवल्यावर आम्ही दोघांनी वेलची केळ्यांवर सराव केला होता, पाणी भरून भरून. ती केळी शेवटी गाईने खाल्ली. नवऱ्याने पाय धरले, मी टोचलं, आणि तसेच दवाखाना गाठला. आरती अर्धवट राहिली.

परत येताना नवरा म्हणाला, "उगाच तोडलं ते झाड."

उरलेली साठेक कलमं उभी आहेत, बहुतेक वेंगुर्ला-४. वर्षाचा किराणा आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता त्यांच्यावर चालतो. पाकिटावर असे घटक वेगळे लिहायचा २०२० चा नियम आहे, मी वाचते. पण प्रसादाच्या द्रोणावर कोण लिहिणार? आमच्याकडे पोर दिसलं की त्याच्या तोंडात काहीतरी घालायचंच, आणि ते नको म्हटलं की माणसं दुखावतात. मला दुखावणं जमायला वेळ लागला. सासूबाईंना लागला नाही. गेल्या जत्रेत एका ओळखीच्या बाईने बायपुढे लाडू धरला, तर या मध्ये शिरून म्हणाल्या, "माझ्या हातान एकदा झाला, तुझ्या हातान नको गो." ती बाई अजून बोलत नाही आमच्याशी.

तो पाटाही त्यांनीच बाहेर काढला. माहेरून आलेला, टाकी लावून लावून मधोमध खोल झालेला. मी राखेने, उकळत्या पाण्याने घासला होता, पण त्या बोट फिरवून म्हणाल्या, दगड तेल पितो. एकट्याने ढकलत ढकलत मागच्या पडवीत नेला. काजूचं सगळं आता तिकडेच होतं, वेगळी चूल, वेगळी विळी.

पण वर्षभर त्यांनी बायला हाताने एक घास भरवला नाही. ताट मांडायच्या आणि लांब बसायच्या. मी काही बोलले नाही, काय बोलणार? मग एका सकाळी बायच हट्टाला पेटली, आजीनेच पेज भरवायची. सासूबाई उठल्या. न्हाणीत जाऊन साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, नाकाजवळ नेऊन वास घेतला. माझ्यापुढे हात धरला.

"बघ गो, येता काय वास?"

मी हुंगला. लाइफबॉयचा येत होता.