पावसाळा, पखवाज आणि स्वस्तातले वायरवाले हेडफोन

हेडफोन घ्यायचाय म्हटलं की सगळे आधी विचारतात, बास कसा आहे? मी उलट विचारतो, चष्मा लावता का, आणि काडी जाड आहे की बारीक? कारण पाच-सहा हजाराच्या आतल्या क्लोज्ड-बॅक, म्हणजे कपची मागची बाजू बंद असलेल्या, हेडफोनमध्ये बास कसा ऐकू येणार हे कंपनी जेवढं ठरवते त्याच्या कितीतरी पट तुमचं डोकं ठरवतं. पॅड कानाभोवती नीट चिकटून बसलं तर आतली हवा कोंडली जाते, आणि छोटासा ड्रायव्हर, म्हणजे कपमधला स्पीकर, त्या एवढ्याशा हवेवर दाब टाकून खालचे सूर कानापर्यंत पोचवू शकतो. जरा कुठे फट राहिली, चष्म्याची काडी, दाट केस, कुडी किंवा झुमके, की खालच्या सुरांचा दाब त्या फटीतून निघून जातो. वरच्या सुरांना फारसा फरक पडत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं की हेडफोनच पातळ आहे. एकच मॉडेल एकाला आवडतं आणि दुसऱ्याला अजिबात आवडत नाही, त्यातली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात असं माझं मत आहे.

आमच्या वाडीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे काका आहेत, त्यांना मी गणपतीतल्या त्यांच्याच भजनाचं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकवलं. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "रे, माजी डावी बाजू खय गेली?" त्यांचा चष्मा जुना, जाड काडीचा. मी म्हटलं काका, दोन्ही कप जरा हातांनी दाबून धरा. दाबले, आणि लगेच मान डोलायला लागली, "हां, आता इली!" पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात ती त्या घुमाऱ्यासाठीच, आणि सगळ्यात आधी तोच घुमारा फटीतून गळून जातो. तेव्हापासून कुठलाही हेडफोन हातात आला की माझी पहिली टेस्ट हीच, डग्गा किंवा पखवाज चालू असताना कप हलकेच दाबायचे, आवाज एकदम भरला तर समजायचं की नुसता घातल्यावर तो नीट बसत नाहीये, मग त्याचे रिव्ह्यू कितीही चांगले असोत.

आणि आपल्याकडे क्लोज्ड-बॅकच का, तर पाऊस. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पडवीवर पत्रा असला की जुलैत घरात बोललेलंही ऐकू येत नाही, तिथे ओपन-बॅक, म्हणजे मागून उघड्या, हेडफोनचा काय उपयोग. चांगली गोष्ट अशी की पत्र्यावरच्या पावसात वरच्या फ्रिक्वेन्सी भरपूर असतात आणि नुसतं पॅड आणि प्लॅस्टिक त्याच सगळ्यात चांगल्या अडवतं. बेडूक, रातकिडे, मिक्सर, तेही बरेचसे अडतात. जे अडत नाही ते म्हणजे एसटीच्या इंजिनची घरघर, समुद्राचा खालचा गाजेचा आवाज, जनरेटर. ते काम नॉइज कॅन्सलिंगवाल्यांचं, म्हणजे उलटा आवाज सोडून बाहेरचा आवाज मारणाऱ्या हेडफोनचं. म्हणून रोज वेंगुर्ला ते कुडाळ एसटीने जाणाऱ्या माणसाला मी साधा क्लोज्ड-बॅक सांगणार नाही, पण घरात बसून ऐकणाऱ्याला नक्की सांगेन. बाहेरचा आवाज अडला की व्हॉल्यूम आपोआप कमी ठेवला जातो हा मोठा फायदा आहे, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक मानते, आणि पावसाशी स्पर्धा करत ऐकायला लागलो की ती मर्यादा कधी ओलांडली कळत पण नाही.

ऐकायचं काय? लोक इंग्रजी गाण्यांच्या याद्या शोधतात, मला तरी त्याची गरज वाटत नाही. आपण पखवाज, टाळ, झांजा, पेटी हे सगळं समोर बसून ऐकत मोठे झालोय, दशावताराला रात्रभर बसलोय, डबलबारीला, दोन बुवांच्या भजनी सामन्याला, उभं राहिलोय, खरा आवाज कसा असतो ते कानात पक्कं बसलंय, याच्यापेक्षा चांगली मोजपट्टी कुठून आणणार! मी आधी तानपुरा लावतो. जवारीचा तो झंकार सलग यायला पाहिजे, मधेच एखादा सूर जास्त ओरडला तर त्या जागी हेडफोनला उंचवटा आहे. मग एकट्याचा आवाज, बुवांचा किंवा एखाद्या गायिकेचा, तो बरोबर मधोमध ऐकू आला पाहिजे, डावीउजवीकडे कलला तर दोन ड्रायव्हर सारखे नाहीत, सरळ परत पाठवायचा. मग टाळ आणि झांजा. स्वस्त हेडफोन इथे पकडले जातात, टाळ कानाला टोचतात, "स" आणि "श" फुसफुसतात, अर्ध्या तासात डोकं दुखतं. आणि क्लोज्ड-बॅकचा खास दोष म्हणजे कपच्या आतून परतणारा आवाज, तो नीट दाबलेला नसेल तर गायक पिंपात तोंड घालून गातोय असं वाटतं. हा दोष मला बास कमी असण्यापेक्षा जास्त खटकतो, कारण बास इक्वलायझरने थोडाफार वाढवता येतो पण ही घुसमट पूर्ण जात नाही.

खोक्यावरचे आकडे मात्र खरंच बघू नका. सोनीचा एमडीआर-झेडएक्स११० घ्या, ३० मिलिमीटरचा ड्रायव्हर, कानावर टेकणारा छोटा हेडफोन, त्यावर १२ ते २२,००० हर्ट्झ लिहिलंय. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स, ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर, कान पूर्ण झाकणारा, त्यावर १५ ते २०,०००. आकड्यांवर गेलात तर छोटा जिंकला! त्या टोकांना आवाज किती डेसिबलने घसरलेला धरून तो आकडा काढलाय हे सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थच नाही. ओहमचंही, म्हणजे हेडफोनच्या विद्युत रोधाचंही, तसंच, लोक उगाच घाबरतात की आपल्या मोबाईलवर चालेल का, एम२०एक्स ४७ ओहमचा आणि ९६ डेसिबल प्रति मिलिवॉटचा आहे म्हणजे पाव व्होल्टच्या आतच ९६ डेसिबल मिळतात, मोबाईलच्या टाइप-सीला हेडफोन जोडणारा साधा डोंगल एवढं आरामात देतो. सिग्नल वाढवणारा वेगळा अॅम्प घेऊ नका, तेच पैसे हेडफोनमध्ये घाला. फक्त डोंगल घेताना आत डॅक, म्हणजे फोनमधला डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करणारी चिप, असलेलाच घ्या, कारण बिनडॅकचे स्वस्त टाइप-सी कन्व्हर्टर काही फोनवर चालतात आणि काहींवर अजिबात आवाज येत नाही, आणि मग माणूस हेडफोनला शिव्या देतो.

मग घ्यायचा कुठला. हजाराच्या आसपास बजेट असेल तर झेडएक्स११० बोलणं, लेक्चर, बातम्या याला ठीक आहे, पण तो कानावर टेकतो, कान झाकत नाही, त्यामुळे पावसात फार मदत होत नाही आणि बास बसवण्यावर अवलंबून. गाणं ऐकायचं असेल तर थोडं थांबा, पैसे साठवा आणि एम२०एक्स घ्या. माणसाचा आवाज त्यात नैसर्गिक येतो, खालची बाजू किंचित भरलेली, टाळ टोचत नाहीत. वायर तीन मीटरची आणि एकाच बाजूने येणारी, सुटी होत नाही, म्हणजे तुटली तर सोल्डरिंगच. म्हणून जमत असेल तर त्याच कंपनीचा एम४०एक्स, त्याची वायर काढता येते आणि घरात लहान पोरं असतील तर एवढ्या एका कारणासाठीही जास्त पैसे द्यावेत. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून चालत आलेला स्टुडिओचा हेडफोन, बारकावे खूप दाखवतो, पण वरची बाजू तेज आहे, झांजांचं रेकॉर्डिंग कडक असेल तर मला जास्त वेळ सहन होत नाही. सेनहायजरचा एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत कमी करतो असं कंपनी सांगते आणि पावसात तो फरक जाणवतोच, पण पकड घट्ट आहे, चष्मेवाल्यांना कानशिलात दुखणार. काकांना मी एम२०एक्सच सांगितला, सोबत बारीक काडीचा चष्मा, तो काकींनी लगेच मनावर घेतला.

ब्लूटूथ का नाही असं चाकरमानी भाऊ दर गणपतीला विचारतात. एक तर ट्रॅकवर पखवाजाचा किंवा पेटीचा रियाज करायचा म्हटलं तर ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो आणि हात चुकतो. दुसरं, पावसात लाईट गेली की तासन्‌तास येत नाही, त्यात अजून एक चार्ज करायची वस्तू कशाला. आणि बॅटरी मेली की हेडफोन मेला, वायरवाला नीट सांभाळला तर कितीतरी वर्षं टिकतो.

सांभाळायचं म्हणजे आपल्या हवेपासून. पॅडवरचं ते चामड्यासारखं दिसणारं पीयू (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लॅस्टिक) दमटपणाने आतून कुजतं, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि मग त्याचे काळे पोपडे कानाला, मानेला चिकटतात. कोरड्या हवेपेक्षा किनाऱ्यावर हे लवकर होतं. शिवाय पोपडे उडाले की सील गेलं आणि सील गेलं की डावी बाजू परत गेली, म्हणजे जुना हेडफोन "बिघडला" असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा फक्त पॅड गेलेलं असतं. म्हणून घेतानाच बघा की त्या मॉडेलचे सुटे पॅड मिळतात का, एम२०एक्स आणि एम४०एक्सचे सहज मिळतात. मखमली पॅड घामाला बरे वाटतात पण त्यातून हवा जाते, बास उतरतो, ते मोह झाला तरी टाळा. ऐकून झालं की पॅड कोरड्या कपड्याने पुसा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला. जॅकवर खाऱ्या हवेने काळपट थर येतो, मग खरखर होते किंवा एका बाजूचा आवाज जातो, तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब कापडावर घेऊन जॅक पुसा, पूर्ण सुकू द्या, मग लावा. मे महिना संपायच्या आत हे एकदा करून ठेवलं की निदान श्रावणातल्या भजनांपर्यंत तरी परत बघावं लागत नाही.