एकच घंटा, दोन कॅमेरे

रविवार, रात्री उशिरा

वाईजवळच्या मेणवलीला काढलेले फिल्मचे दोन्ही रोल धुऊन, वाळवून, कापून झाले. मे महिन्यात नळाचं पाणी २० अंशांवर आणायचं म्हणजे डेव्हलपरच्या (फिल्म धुवायच्या रसायनाच्या) बाटलीभोवती बर्फाचा ढीग. फ्रीज रिकामा झाला आणि आईला कोकम सरबत कोमटच प्यावं लागलं. ती माझ्याशी अजून धड बोलत नाहीये.

फिल्म दोन्ही कॅमेऱ्यांत इल्फर्डची कृष्णधवल एचपी५ प्लस. एक पेंटॅक्स के१०००, ५० मिमी लेन्सचा. दुसरा यशिका मॅट १२४जी, ८० मिमीचा. घाटावरची वसईहून आणलेली ती पोर्तुगीज घंटा दोन्हींनी टिपली. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल. घंटेपाशी गडद सावली, बाहेर दगडांवर रणरणतं ऊन. यशिकाचं उजेड मोजायचं मीटर जुन्या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेलं, आता १.५ व्होल्टचा घातला की काटा भलतंच सांगतो. म्हणून पेंटॅक्स घंटेच्या अगदी जवळ नेऊन मोजलं आणि त्याच मोजमापावरून यशिकाचे आकडे लावले.

लॅपटॉपवर स्कॅन शेजारी ठेवले तर डावं-उजवं करणं कठीण. भिंग लावून निगेटिव्ह पाहिल्यावर मात्र फरक उघडा पडला. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून, म्हणजे एफ/३.५ वर, यशिकाच्या कडा चक्क मऊ आहेत; पेंटॅक्सची साधी ५० मिमी त्याहून लहान छिद्राला, एफ/५.६ वर, कोपऱ्यापर्यंत चोख. छिद्रं सारखी नव्हती, त्यामुळे लेन्सला लेन्स भिडवल्याचा हा पक्का निकाल नाही; पण या रोलांत तरी पेंटॅक्स सरस, माझ्या मते. पण पेंटॅक्सची, ३५ मिमी फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ मिमी, यशिकाची ५६ बाय ५६. क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. मोठा प्रिंट काढताना तेवढंच कमी ताणावं लागतं, फिल्मचा दाणा बारीक राहतो आणि घंटेवरची झीज हाताला लागेल अशी दिसते. लोक ‘यशिनॉनची’ (यशिकाच्या लेन्सची) ‘जादू’ म्हणतात त्यातली बरीचशी ही नुसती जागा आहे.

अर्थात त्या जागेचे पैसे मोजावे लागतात. एका रोलात पेंटॅक्सला ३६ चौकटी, यशिकाला १२. शिवाय यशिकाच्या वरून बघायच्या काचेत डावं ते उजवं दिसतं, त्यामुळे घाटावर पळणारी पोरं चौकटीत धरता धरता मी भलतीकडेच वळत होतो. पोरांचे सगळे बरे फोटो पेंटॅक्सचे.

पुढच्या खेपेला यशिका तिपाईवर, लेन्स एफ/८ पेक्षा जास्त उघडायची नाही. आणि बर्फ बाहेरून विकत आणायचा.