आजी-आजोबा, चिल्लीपिल्ली आणि कॅरिबियन समुद्र

रांगत्या बाळापासून सत्तरी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांना घेऊन सुट्टीवर जायचं असेल, तर माझं मत ठाम आहे: क्रूझ करा. आणि ती करताना बेटांचा फार विचार करू नका. जहाज नीट निवडा.

भारतातून आई-बाबा, सासूबाई आल्या की आम्ही इथली, अमेरिकेतली मंडळी त्यांना गाडीत घालून फिरवायला निघतो. सहा-सहा तास ड्रायव्हिंग, रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरा आणि उपसा. मुलं कार सीटमध्ये कंटाळून रडतात, आजी-आजोबा काही न बोलता सोसतात. जहाजावर एकदा केबिनमध्ये कपडे लावले की आठवडाभर बॅगेला हात लावावा लागत नाही. ज्याला झोपायचंय तो झोपतो, ज्याला पोहायचंय तो पोहतो, आणि कुणी कुणासाठी अडकून पडत नाही. आम्ही मायामीहून पश्चिम कॅरिबियनला गेलो ते एवढ्याचसाठी. आम्ही दोघं, आमची चार वर्षांची लेक, चौदा महिन्यांचा धाकटा, आई-बाबा, सासूबाई, आणि बहीण तिच्या नवऱ्याला व आठ वर्षांच्या माझ्या भाच्याला घेऊन. नियम एकच ठरवला होता: दिवसभर ज्याने त्याने मनासारखं करायचं, रात्रीचं जेवण मात्र सगळ्यांनी एका टेबलावर.

वेळ निवडली एप्रिलचा शेवट. शाळांच्या वसंत सुट्ट्यांची गर्दी ओसरलेली असते आणि 1 जूनला सुरू होणारा, 30 नोव्हेंबरपर्यंत चालणारा चक्रीवादळांचा हंगाम अजून लांब असतो.

व्हिसाबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून ते आधी सांगते. जहाजाच्या मागच्या बाजूला बहामाचा झेंडा पाहून बाबांनी विचारलं, अमेरिकेच्या बंदरातून सुटणाऱ्या जहाजावर हा कसा? बहुतेक मोठी क्रूझ जहाजं बहामा, पनामा अशा देशांत नोंदवलेली असतात. आणि 1886 सालच्या एका अमेरिकी कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेतून प्रवासी घेऊन अमेरिकेतच परत सोडायचं असेल, तर वाटेत एखाद्या परदेशी बंदराला लागावंच लागतं. म्हणजे मायामीहून निघून मायामीला परतलात तरी मध्ये देशाबाहेर जाऊन येणं आलंच. त्यामुळे आई-बाबांचा अमेरिकी व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा हवा आणि परतीच्या दिवशीही वैध हवा. वैध अमेरिकी व्हिसा असला की मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. बाकी बंदरांचं मात्र भारतीय पासपोर्टसाठी काय ते बुकिंग करण्याआधी कंपनीकडून लेखी मागवून घ्या. अमेरिकी नागरिक असलेल्या मुलांना अशा फेरीत जन्मदाखला चालतो, पण मी पासपोर्टच घेते. बेटावर असताना काही झालं आणि विमानाने परतावं लागलं, तर पासपोर्टशिवाय अडचण होते.

बाळाच्या वयाची अटही आधी बघा. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत, आणि सलग तीन किंवा जास्त दिवस फक्त समुद्रात जाणार असतील तर बाळ वर्षाचं लागतं.

केबिन निवडताना आईला बोट लागण्याची फार धास्ती होती. जहाज सर्वांत कमी हलतं ते लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर, म्हणून आईला तिथली केबिन घेतली. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे डोलणं बरंच कमी होतं. तरी पहिल्या रात्री ती पडूनच राहिली. दुसऱ्या दिवशी मोकळ्या डेकवर बसून क्षितिजाकडे नजर लावल्यावर तिला बरं वाटलं. पोट आणि डोकं दोन्ही ठिकाणावर आले, असं तिनेच सांगितलं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग ‘हलतंय’ म्हणतो आणि बंद खोलीतले डोळे ‘स्थिर आहे’ म्हणतात, त्या भांडणातून ही मळमळ होते. क्षितिज दिसलं की भांडण मिटतं. गोळ्यांचं म्हणाल तर लहान मुलांसाठी आणि इतर औषधं चालू असलेल्या वयस्करांसाठी डॉक्टरांना विचारून घरूनच घेऊन निघा.

केबिनमध्ये बहुधा बाथटब नसतो, छोटासा शॉवर असतो. रांगतं बाळ शॉवरच्या धारेला घाबरतं, म्हणून हवा भरायचा छोटा टब न्यायचा. भिंती लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक चिकटतात आणि ओले पोहण्याचे कपडे, टोप्या, डायपरची पिशवी सगळं वर टांगता येतं. लांबलचक मार्गिकांमध्ये सगळी दारं सारखीच दिसतात. लेकीने रंगवलेला मोठा मासा चुंबकाने आजी-आजोबांच्या दारावर लावला आणि मग त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

चढायच्या दिवशी मोठ्या बॅगा बंदरावर हमालाकडे दिल्या की त्या संध्याकाळीच केबिनच्या दाराशी येतात. औषधं, डायपर, दूध, पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. जहाज सुटण्याआधी प्रत्येकाला आपल्या जमण्याच्या जागी जाऊन सुरक्षेची माहिती घ्यावी लागते. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज खडकावर आदळून कलंडलं, 32 माणसं गेली, आणि त्यातल्या बऱ्याच प्रवाशांची ही कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर ती सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यायचा नियम झाला. लहान मुलांच्या मनगटावर त्या जागेचा क्रमांक असलेला पट्टा बांधतात. आमच्या लेकीने तो शेवटपर्यंत काढू दिला नाही.

आता तान्ह्यांच्या आईबापांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. डायपरमधलं बाळ जहाजाच्या मुख्य तलावात उतरू शकत नाही. पोहण्याचा खास डायपर घातला तरी नाही. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांची स्वच्छता तिथल्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा विभाग तपासतो, 100 पैकी 86 च्या खाली गुण मिळाले की जहाज नापास, आणि हा डायपरचा नियम त्याच नियमावलीतला. काही जहाजांवर अशा बाळांसाठी वेगळी कारंजी असतात, काहींवर काहीच नसतं. मी जहाज निवडताना पहिला प्रश्न हाच विचारला होता. धाकटा त्या कारंज्याच्या भोकावर तळहात दाबून धरायचा आणि पाणी बोटांमधून उसळलं की दचकून हसायचा. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. सासूबाई शेजारी ओल्या साडीची पर्वा न करता बसलेल्या असायच्या.

मुलांच्या क्लबचंही वय बघा. बऱ्याच जहाजांवर तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला, ही अट असते. त्याहून लहानांसाठी पाळणाघर असलं तर ते तासाच्या हिशेबाने वेगळे पैसे घेतं. पाण्याजवळ लाइफगार्ड काही कंपन्या ठेवतात, काही ठेवत नाहीत. असले तरी नजर आपलीच हवी.

पहिला अख्खा दिवस समुद्रात गेला, आणि माझ्या मते सगळ्या प्रवासातला तो सर्वोत्तम दिवस. बाबा पहाटेच कठड्याशी उभे होते. थोड्या वेळाने भाचा त्यांच्याजवळ गेला. जहाजाच्या लाटेतून चंदेरी, बोटभर लांबीचे मासे उसळून बाहेर पडत होते आणि पंख ताणून पाण्यालगत तरंगत कितीतरी लांब जात होते. उडणारे मासे! मोठ्या माशाच्या तोंडातून सुटायला ते असे हवेत झेप घेतात, असं बाबांनी त्याला सांगितलं. मग दोघं मोजायला लागले. नाश्त्याला बोलवायला गेले तर दोघांपैकी एकही हलेना. बाबा वर्षातून एकदा फोनच्या पडद्यावर दिसणारे आजोबा राहिले नव्हते. त्या मुलाला बोलायला विषय मिळाला होता, आणि आठवडाभर तो पुरला.

ग्रँड केमन या बेटावर मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. 2025 च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी तो बांधायला नकारच दिला. जहाज खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटींतून किनारा गाठायचा. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंची मला काळजी होती. बोट लाटेवर वर-खाली होत होती. दोन खलाशांनी त्यांचे दोन्ही हात कोपराखाली घट्ट धरले, लाट खाली गेली तेव्हा थांबवलं, बोट वर आली त्या क्षणी ‘आता’ म्हणून खुणावलं, आणि त्या एका पावलात पलीकडे गेल्या. बाबागाडी मात्र घडी करूनच नेता येते.

तिथे आम्ही दोन गट केले. बहीण आणि भाचा स्टिंगरे सिटीला गेले. पूर्वी कोळी या शांत, उथळ पाण्यात मासे साफ करून उरलेलं टाकायचे, त्याला सोकावून स्टिंगरे नावाचे रुंद, चपटे मासे जमायला लागले, आणि आता कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की ते पायांना घासून जातात. आम्ही चिमुकल्यांना घेऊन सेव्हन माइल बीचवर सावली धरून बसलो. एप्रिलअखेरीस तिथे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे आणि टोपी ही सनस्क्रीनइतकीच गरजेची आहेत.

एक गोष्ट सगळ्यांना बजावून ठेवा. केमन आणि मेक्सिकोचं कोझुमेल बेट, दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. आमचं जहाज मायामीच्याच वेळेवर चालत होतं, म्हणजे बेटावरच्या घड्याळात एक तास मागची वेळ. फोन आपोआप बेटाची वेळ दाखवतो आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. बाबांचं हातातलं घड्याळ आम्ही प्रमाण मानलं.

कोझुमेलला मी, सासूबाई आणि धाकटा उतरलोच नाही. ‘एवढं मेक्सिकोपर्यंत जाऊन उतरली नाहीस?’ असं मला नंतर कितीजणांनी विचारलं. पण बंदरात जहाज रिकामं होतं, तेव्हाची शांतता अनुभवून बघा. लिफ्टला रांग नाही, कारंज्यापाशी एकटं बाळ, आणि दुपारी ते झोपल्यावर बाल्कनीत बसून सासूबाई आणि मी तीन तास बोललो. लग्नानंतर आमचं दोघींचं असं बोलणं कधी झालं नव्हतं. त्यांच्या माहेरच्या किती गोष्टी मला त्या दिवशी कळल्या.

तब्येतीबद्दल थोडं. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो आणि त्याच्यावर हाताला लावायचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. साबण आणि पाणीच हवं. आई-बाबांचा आरोग्य विमा अमेरिकेबाहेर लागू आहे का आणि आजारी माणसाला विमानाने हलवायचा खर्च त्यात धरलाय का, हे नीट वाचा. जहाजावर दवाखाना असतो, पण तिथलं बिल आपल्याच खात्यावर पडतं.

रात्रीच्या जेवणाला लवकरची पाळी घ्या, नाहीतर मुलं टेबलावरच पेंगतात. शाकाहारी जेवणाचं पहिल्याच संध्याकाळी सांगून ठेवलं की पुढे काळजी नसते. आम्हाला वाढणारा तरुण गोव्याचा होता. दुसऱ्या दिवसापासून तो बाळाची केळी आधीच कापून आणायचा, आईशी कोकणीत बोलायचा. त्याची मुलगी आमच्या लेकीएवढीच, आणि कंत्राट संपायला अजून काही महिने होते. शेवटच्या रात्री आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा त्याला बोलता येईना. ठरलेल्या टिपेच्या वर त्याच्या हातात वेगळं पाकीट द्या. जहाजाच्या कार्यालयात त्याच्या नावाने चार चांगल्या ओळीही लिहून द्या. त्याच्या पुढच्या कामासाठी त्या उपयोगी पडतात.

उतरायच्या आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, डायपर आणि औषधं बाहेर काढून ठेवली आहेत ना, ते दोनदा बघा. आम्ही घरी पोचायच्या आतच बाबांनी विचारलं की पूर्वेकडच्या बेटांच्या फेरीत समुद्राचे दिवस किती असतात. भाच्याला मोजणी पुढे चालू ठेवायची आहे म्हणे.