फाटकावर रंगवलेला पासवर्ड

बाईंचा जबाब लिहून होईपर्यंत मी त्यांच्या ओटीवर उभाच होतो. "बस रे," असं त्या दोनदा म्हणाल्या, पण मला बसवेना. सातवीत ज्यांनी मला गणित शिकवलं त्या बाई, वय वर्षं 71, आणि समोर खुर्चीत बसलेले हवालदार त्यांना विचारतायत, "तुमच्या इंटरनेटवरून एका कॉलेजच्या मुलीच्या नावाने खोटं खातं उघडलंय. तिचे फोटो टाकलेत. घरात आणखी कोण असतं?"

"मी एकटीच."

"मग पासवर्ड कुणाला दिलात?"

"कुणालाच नाही."

हवालदारांना ते खरं वाटलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला मात्र माहीत होतं की बाई खोटं बोलणार नाहीत. त्यांनी सकाळी साडेसातला फोन करून मला बोलावलं होतं, कारण हे कनेक्शन मी जोडलेलं होतं.

मी चिपळूण-गुहागर पट्ट्यात नऊ वर्षं फायबरचं काम करतोय. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे भिंतीवर डबा लावणं आणि मोबाईलवर स्पीड दाखवणं. खरं काम खांबावर आणि रानात असतं. खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या ड्रॉप वायरीला वांदर लोंबकळतात, जेसीबीवाला गटार खणताना वायर उचकटतो, जॉइंटच्या डब्यात गांधीलमाश्या घर करतात. जुलै 2021 च्या पुरानंतर तर आम्ही दीड महिना चिखलातून वायर ओढत होतो. केसापेक्षा थोडी जाड काच दोन्ही टोकांना सरळ कापायची, अल्कोहोलने पुसायची, मशीनमध्ये समोरासमोर धरून वितळवून जोडायची. घरात पोचणाऱ्या प्रकाशाची पॉवर उणे 27 डीबीएमच्या खाली गेली की लाल दिवा लागतो आणि माणसाचा फोन येतो. मी जोडलेल्या घरांत ती सहसा उणे 20-21 येते. त्याबद्दल मला अभिमान आहे, तो लपवत नाही.

बाईंचं घर जुनं, चिरेबंदी. दीड फुटाच्या भिंती, वर नळ्यांची कौलं. मोडेम माजघरात लावला, तर ओटीवर सिग्नलची एक दांडीसुद्धा येईना. चिऱ्याची भिंत वाय-फाय गिळते, त्यातही पाच गिगाहर्ट्झचा बँड पार गिळते. बाई दिवसभर ओटीवर बसतात, मुलगा पुण्यात, त्याला फाटकावरचा कॅमेरा मोबाईलवर बघायचा होता. म्हणून मी पडवीत दुसरा राउटर बसवला. चिऱ्याला लांब बिटने भोक पाडलं, बाहेरच्या बाजूला उतार दिला, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. वायरीला खाली झोळ ठेवला, म्हणजे थेंब तिथेच गळून पडेल. दुसऱ्या राउटरचं फोन-टीव्हीला नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम बंद केलं (ते एकट्या मोडेमनेच करायचं), नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला, म्हणजे बाई आतबाहेर केल्या तरी फोन तुटणार नाही. तीन पावसाळे गेले, त्या भोकाभोवती ओल आलेली नाही. मी दुसऱ्या पोरांना ते काम दाखवायला नेलं होतं.

त्या दिवशी मी ओटीवर उभा राहून समोर बघत होतो, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की पडवीतल्या राउटरचं तोंड थेट एसटीच्या थांब्याकडे आहे. मध्ये फक्त गडगा आणि फाटक. अंतर वीस पावलं.

आणि फाटकावर पत्र्याची पाटी. पिवळ्या रंगावर हिरव्या ऑइलपेंटने लिहिलेलं: हापूस आंबा पेटी मिळेल. खाली बाईंचं नाव आणि त्याखाली मोबाईल नंबर.

वाय-फायचं नाव मी बाईंच्याच नावाने ठेवलं होतं. पासवर्ड होता त्यांचा मोबाईल नंबर.

हे फक्त बाईंच्या घरचं नाही. तालुक्यात आमच्या कंपनीची जेवढी कनेक्शनं आहेत, त्यांतली बहुतेक अशीच आहेत, आणि दुसऱ्या कंपन्यांची पोरं वेगळं काही करत नाहीत. एका कनेक्शनमागे ठरलेले पैसे, दिवसाला चार-पाच कामं तरी झालीच पाहिजेत, आणि गिऱ्हाईक पासवर्ड विसरलं की फोन आम्हालाच येतो. मोबाईल नंबर कुणी विसरत नाही, म्हणून तोच टाकायचा. मला पहिल्या आठवड्यात ज्याने काम शिकवलं, त्याने हेच शिकवलं आणि मी पुढच्यांना हेच शिकवलं. फायबर कसं कापायचं यावर आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. पासवर्डवर दोन मिनिटंसुद्धा नाही. काम झाल्यावर ऑफिसातून गिऱ्हाइकाला फोन जातो, त्यात स्पीड मिळतोय का आणि मुलगा नीट बोलला का, एवढंच विचारतात.

तसा मोबाईल नंबर पाटीवर नसला तरी फार टिकत नाही. दहा आकडे, त्यातला पहिला 6 ते 9 मधलाच. फोन राउटरला जोडला जाताना हवेतली ती देवाणघेवाण कुणी पकडून ठेवली, तर चांगलं ग्राफिक कार्ड असलेला संगणक सगळे नंबर काही तासांत तपासून संपवतो. पण इथे तेवढीही गरज नव्हती. थांब्यावर गाडीची वाट बघणाऱ्याने फोनमध्ये बाईंचं नाव बघायचं, मान वर करून पाटी वाचायची. बस.

पोलीस बाईंपर्यंत कसे पोचले, तेही सांगतो. आमच्यासारख्या कंपन्या एकच बाहेरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर दिसणारा क्रमांक, कितीतरी घरांना वाटून देतात, त्यामुळे नुसत्या पत्त्यावरून घर सापडत नाही. सोबत पोर्ट नंबर, म्हणजे त्या पत्त्यामागचा जोडणीचा आकडा, आणि नेमकी वेळ लागते. पोलिसांनी कंपनीला पाठवलेल्या पत्रात वेळ जागतिक प्रमाणवेळेत होती, 16 वाजून 12 मिनिटं. आमच्या ऑफिसने त्यात साडेपाच तास मिळवले, रात्रीचे 9 वाजून 42 मिनिटं आले आणि नोंदीत बाईंचं कनेक्शन निघालं. ही नोंद कंपनीला दोन वर्षं ठेवावी लागते. पण ती उंबऱ्यापर्यंतच येते. घरातला कुठला फोन होता, हे कंपनीला दिसत नाही.

रात्री पावणेदहाच्या सुमाराला त्या थांब्यावर वस्तीची गाडी येते. त्या वेळी तिथे उतरलेले, कुणाला न्यायला आलेले, नुसतेच गप्पा मारत बसलेले असे पंधरा-वीस जण असतात.

मी हवालदारांना हे सगळं सांगितलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, बाईंशी अदबीने बोलत होते. पण त्यांना संध्याकाळपर्यंत साहेबांसमोर काहीतरी ठेवायचं होतं. म्हणाले, "तुम्हाला मोडेममध्ये दिसतं ना, कोण कोण जोडलंय? उघडा."

मी लॅपटॉप लावला, 192.168.1.1 हे मोडेमच्या सेटिंगचं पान उघडलं. आत जायचा पासवर्डसुद्धा कारखान्यातून आलेलाच होता, तोही मी बदलला नव्हता. यादी उघडली. बाईंचा फोन, टीव्ही, कॅमेरा मिळून तीन उपकरणं असायला हवी होती. यादीत सोळा होती.

बाई चष्मा लावून जवळ आल्या. "एवढे कोण रे हे?"

बाहेरच्या तेरांपैकी दहांचा काहीच थांग लागत नव्हता. हल्लीचे फोन वाय-फायला आपला खरा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा क्रमांक, देत नाहीत, बनावट देतात. पत्त्यातलं दुसरं अक्षर 2, 6, ए किंवा ई असलं की समजायचं, हा बनवलेला आहे. त्या दहांचे सगळे तसेच होते, नावाचा रकाना रिकामा. उरलेल्या तीन फोनांना त्यांच्या मालकांनी हौसेने स्वतःचं नाव दिलेलं होतं आणि ते नाव स्क्रीनवर स्वच्छ दिसत होतं. वाडीतली तीन पोरं. एकाला मी ओळखत होतो. त्याला बाई रोज संध्याकाळी पायरीवर बसून इंग्रजी शिकवायच्या.

मी हवालदारांना म्हणालो, "साहेब, ही यादी गेल्या चोवीस तासांची आहे. तुमची घटना एकोणीस दिवसांपूर्वीची. मधे कितीदा लाईट गेली. लाईट गेली की ह्या मोडेममधली नोंद पुसली जाते. घड्याळसुद्धा बघा, 1 जानेवारी 1970 दाखवतंय. ह्यावरून त्या रात्री कोण होतं, हे कळत नाही."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि स्क्रीनचा फोटो काढला.

इथेच मी अडकलोय. मी लॅपटॉप मिटवू शकलो असतो. यादी उघडण्याआधीच सांगू शकलो असतो की, साहेब, ह्यात तुमच्या कामाचं काही सापडणार नाही. मला ते आधीपासून माहीत होतं. पण हातासरशी उघडून दाखवायची सवय, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं की बाईंवरचं बालंट टळावं. घरात बाहेरचे तेरा फोन आहेत हे दिसलं, की बाई सुटतील. बाई सुटल्याही. हवालदार जाताना म्हणाले, "बाई, तुम्ही निश्चिंत राहा."

त्या तीन पोरांना दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, फोन काढून घेतले. बाईंच्या पायरीवर बसणारा मुलगा त्या आठवड्यात भरतीचा ऑनलाइन फॉर्म भरत होता. त्याचा फोन परत मिळेपर्यंत मुदत निघून गेली. त्याचा बाप बाईंच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मोठ्याने बोलला नाही, एवढंच म्हणाला, "बाई, पोराला नेटवर बसू देत होतात, तर आम्हाला सांगायचं होतं. आमच्या पोराचं नाव तुमच्या घरातून गेलं." बाईंकडे उत्तर नव्हतं. त्यांनी त्या मुलाला बसू दिलंच नव्हतं आणि अडवलंही नव्हतं. पायरीवर बसून तो काय वापरतोय, हे त्यांना कळतच नव्हतं.

महिन्याभराने कळलं, खातं उघडताना दिलेल्या फोन नंबरावरून पोलिसांना माणूस सापडला. दुसऱ्या गावचा, त्या मुलीच्या ओळखीतला. त्या रात्री वस्तीच्या गाडीने आला होता. त्याचा फोन मी दाखवलेल्या यादीत नव्हता.

जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला होता, तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वाय-फायवरून. त्याचा काही संबंध नव्हता, तरी कितीतरी दिवस चौकशीला तोंड द्यावं लागलं. मला काम शिकवणारा हा किस्सा नेहमी सांगायचा आणि म्हणायचा, आता पासवर्ड असतो, आता तसं होत नाही. मीही तेच धरून बसलो होतो. पासवर्ड असणं आणि तो गुप्त असणं ह्यात फरक आहे, हे शिकवणारा तो नव्हता आणि मीही नाही.

हवालदार येऊन गेले त्याच दुपारी मी बाईंचं सगळं नव्याने बसवलं. नावातून बाईंचं नाव काढलं. मोडेममध्ये जायचा पासवर्ड बदलला. पडवीतल्या राउटरवर बटण दाबून जोडायची सोय चालू होती, ती बंद केली. तिचा आठ आकडी पिन अर्धा-अर्धा तपासला जातो, त्यामुळे अकरा हजार प्रयत्नांत उघडतो, हे 2011 पासून सगळ्यांना माहीत आहे, तरी आमच्या स्टोअरमधले जुने डबे आजही ती चालू ठेवूनच येतात. पडवीतल्या राउटरची ताकद कमी केली आणि तो वळवून ओटीकडे तोंड करून लावला. मग थांब्यावर जाऊन मोबाईल धरला. दांडी आली नाही.

पासवर्डासाठी बाईंना म्हणालो, एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द सांगा, मनातल्या मनात, मी टाईप करताना तुम्हीच बघा. त्यांनी थोडा विचार करून माझ्या हातून लॅपटॉप घेतला आणि एकेक कळ शोधत स्वतःच टाईप केलं. मला तिकडे बघू दिलं नाही. नंतर विचारलं, "तो संध्याकाळी अभ्यासाला येतो, त्याच्यापुरतं वेगळं देता येतं का रे?" पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं, घरातला कॅमेरा-टीव्ही त्यातून दिसत नाही. मी ते करून दिलं. कागदावर लिहून बाईंनी ते देवघरातल्या डब्यात ठेवलं. पण ठाण्यात बोलावल्यापासून तो मुलगा अजून फिरकलेला नाही.

माझ्या वहीत मी स्वतः जोडलेल्या 340 घरांची नोंद आहे. सुटीच्या दिवशी आणि काम संपल्यावर एकेक घर करतोय. आतापर्यंत 61 झाली. ऑफिसला सांगितलं, तेव्हा उत्तर आलं की गिऱ्हाईक तक्रार करत नाही तोपर्यंत भेटीची नोंद मांडायची नाही. बरीच माणसं दारातूनच म्हणतात, "चालतंय ना, मग कशाला हात लावतोस?" एकाने तर नवा पासवर्ड त्याच दिवशी काढून पुन्हा नंबर टाकायला लावला, कारण बायकोच्या माहेरच्यांना सांगायला सोपा. त्यांच्याशी भांडायला मला तोंड नाही, ती सवय आम्हीच लावली.

गेल्या आठवड्यात त्या मुलाच्या बापाने घरी स्वतःचं कनेक्शन घेतलं. कामाची चिठ्ठी माझ्या नावावर आली होती. मला त्या दारात जायचा धीर झाला नाही, मी ती नव्या पोराला दिली. रात्री त्याला फोन करून विचारलं, पॉवर किती आली. म्हणाला, उणे 19, एकदम मस्त. मग विचारलं, पासवर्ड काय ठेवलास.

"मोबाईल नंबर, दादा. नेहमीचंच."